पिउसुत्स्की दाखवायचा तर पुतळ्यापासून सुरुवात नको

वॉर्सात राहते म्हटल्यावर कोल्हापूरहून माहेरची माणसं येतातच, आणि त्यांना पोलंडचा सेनानी आणि नेता मार्शल पिउसुत्स्की दाखवायचं काम माझ्याकडे. तुमच्यावर ही वेळ आली तर आधी नाव नीट घ्या. पोलिशमधल्या आडव्या रेघेच्या 'ल'चा उच्चार 'व'सारखा होतो, म्हणून 'पिल्सुद्स्की' नाही.

पहिल्यांदा मी मामांना थेट पुतळ्यासमोर उभं केलं. १९१८मध्ये जर्मन कैदेतून सुटून परतला, १२३ वर्षं नकाशावर नसलेल्या देशाची सूत्रं हाती घेतली, १९२०मध्ये लाल सेनेला वॉर्साच्या वेशीवरून परतवलं, हे सगळं सांगितलं. मामा म्हणाले, "म्हणजे यांचे टिळकच की!" मी मान डोलावली आणि संध्याकाळपर्यंत पस्तावले.

म्हणून आता सुरुवात शेजारच्या झाहेंता कलादालनापासून करते. १६ डिसेंबर १९२२ला इथे नारुतोविच या पहिल्या राष्ट्राध्यक्षावर एका राष्ट्रवादी चित्रकाराने गोळ्या झाडल्या. शपथ घेऊन जेमतेम पाच दिवस झाले होते. ज्यू आणि इतर अल्पसंख्य खासदारांच्या मतांवर निवडून आला, हाच त्याचा गुन्हा. पिउसुत्स्कीने दोनच दिवसांपूर्वी त्याच्याकडे कारभार सोपवला होता. पिउसुत्स्कीचा संसदेवरचा राग समजून घ्यायचा तर इथे थांबाच. त्याला माफ करा असं मी म्हणत नाही.

मग पिउसुत्स्की चौक. पुतळा १९९५चा. त्यापेक्षा चौकाचं बारसं सांगा: १९२८ला मार्शलचं नाव, जर्मन आले तेव्हा हिटलरचं, कम्युनिस्टांच्या काळात 'विजय चौक', १९९०ला पुन्हा मार्शल.

तिथून नोवी श्विआत रस्त्याने चालत पोन्यातोव्स्की पुलावर या. इथे घाई नको. १२ मे १९२६ला पिउसुत्स्की सरकारविरुद्ध बंड करून, सैन्य घेऊन या पुलावर आला. समोर राष्ट्राध्यक्ष वोयचेहोव्स्की, समाजवादी चळवळीतला जुना सोबती. मार्शलला वाटलं, हा नमेल. तो नमला नाही. तीन दिवस शहरात लढाई झाली, ३७९ माणसं मेली, आणि मार्शल जिंकला. सरकारची कुमक पोचू नये म्हणून समाजवादी रेल्वे कामगारांनी गाड्या अडवल्या. चार वर्षांनी त्यांच्याच पक्षाचे पुढारी ब्रेस्तच्या किल्ल्यात कोंडले गेले. सोबत वितोसही होता. १९२०च्या युद्धातला पंतप्रधान तोच, आणि १९२६मध्ये उलथवलेला पंतप्रधानही तोच. १९३४ला बेरेझा कार्तुस्काची छावणी उघडली. तिथे डांबायला खटलाही लागत नसे.

राष्ट्राध्यक्षपद देऊ केलं तेव्हा मात्र त्याने नाकारलं. मामांना हे फार आवडलं. मी त्यांना सांगितलं, मरेपर्यंत युद्धमंत्री होता, खुर्ची कुणाची का असेना.

११ नोव्हेंबरला, म्हणजे स्वातंत्र्यदिनी, पाहुण्यांना या पुलावर आणू नका. राष्ट्रवाद्यांचा मोठा मोर्चा इथूनच जातो आणि धुराच्या नळकांड्यांनी डोळे चुरचुरतात. गंमत म्हणजे त्यांचा आदर्श द्मोव्स्की, मार्शलचा जन्माचा वैरी. त्याचा पुतळा पुढे बेल्वेदेरकडे जाताना उयाझ्दोव्स्की रस्त्यावर वाटेतच लागतो.

शेवटी बेल्वेदेर राजवाडा. इथेच १२ मे १९३५ला मार्शल गेला, बंडाच्याच तारखेला. देह क्राकोवच्या वावेलमध्ये, काळीज विल्नियसला आईच्या थडग्यात.

पाहुणे कोल्हापूरकडचे असतील तर शेजारच्या बागेत बसवून कोल्हापूरजवळच्या वळिवड्याचा विषय काढा. आमच्याकडे सगळ्यांना तिथली पोलिश निर्वासितांची छावणी ठाऊक असते. १९४३ ते ४८, सुमारे पाच हजार माणसं. ती आली कुठून हे विचारलं की मात्र 'युद्धामुळे' एवढंच उत्तर. १९२०च्या लढाईतल्या सैनिकांना पूर्व सीमेवर जमिनी दिल्या होत्या. फेब्रुवारी १९४०मध्ये सोव्हिएतांनी पहिल्यांदा उचलली ती त्यांचीच कुटुंबं. सायबेरिया, मग इराण, मग हिंदुस्थान. वळिवड्यात त्यातली बरीच होती.

मामा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "टिळक नको म्हणू."