अमेरिकेतले नागरी हक्क आणि त्यांच्या मर्यादा: या चुका टाळा

अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या आपल्या माणसांमध्ये हक्कांबद्दल दोन टोकांचे समज आढळतात. एक, इथे काहीही बोललं तरी चालतं. दुसरा, आपण इथले नागरिक नाही, म्हणजे आपल्याला हक्कच नाहीत. दोन्ही चुकीचे आहेत आणि दोन्हींपायी माणसं अडचणीत येतात.

फक्त घटनेचा मजकूर वाचणं

१७९१ सालच्या पहिल्या घटनादुरुस्तीत भाषणस्वातंत्र्याला एकही अपवाद लिहिलेला नाही. आपल्या कलम १९(२) मध्ये मर्यादांची यादीच आहे. म्हणून अमेरिकेतलं स्वातंत्र्य अमर्याद असावं असं वाटतं. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी याच समजाला उत्तर दिलं होतं. सरकार उलथवण्याचा पुरस्कार करणाऱ्या लेखनाबद्दलची शिक्षा कायम ठेवणाऱ्या १९२५ च्या गिटलो खटल्याचा दाखला देऊन ते म्हणाले की अमेरिकेतले हक्कही निरंकुश नाहीत, फरक स्वरूपाचा आहे, आशयाचा नाही. आपण मर्यादा घटनेतच लिहिल्या. तिथे त्या न्यायालयांनी घातल्या.

त्यामुळे मर्यादा शोधायच्या त्या निकालांत, आणि निकालाचं साल बघून. ‘भरल्या थिएटरात आग लागल्याची खोटी आरोळी ठोकता येत नाही’ हे वाक्य आजही वादात फेकलं जातं. ते १९१९ च्या शेंक खटल्यातलं आहे, आणि त्या खटल्यात थिएटरही नव्हतं आणि आगही नव्हती. सक्तीच्या सैन्यभरतीविरुद्ध पत्रकं वाटली म्हणून माणसाला शिक्षा झाली होती. त्या खटल्यातली ‘स्पष्ट आणि तात्काळ धोका’ ही कसोटी १९६९ च्या ब्रँडेनबर्ग निकालाने मागे पडली. चिथावणीचा गुन्हा ठरायला आता भाषणाचा रोख तात्काळ बेकायदा कृत्य घडवण्याकडे असावा लागतो आणि ते घडण्याची शक्यताही असावी लागते. म्हणूनच एखाद्या समाजाविषयीचं द्वेषपूर्ण बोलणं तिथे केवळ तेवढ्यावरून गुन्हा ठरत नाही. खरीखुरी धमकी आणि बदनामी यांना मात्र हे संरक्षण मिळत नाही. ही रेषा अनेकांना पटणार नाही, पण मला ती मोलाची वाटते. शेंकसारखी शिक्षा पुन्हा होऊ नये यासाठीच ती इतकी पुढे सरकली आहे.

कंपनीला सरकार समजणं

पोस्ट काढून टाकली, खातं बंद केलं, नोकरी गेली, की लगेच ‘पहिल्या घटनादुरुस्तीचा भंग’ म्हटलं जातं. ही दुरुस्ती सरकारला बांधते, खासगी मालकाला नाही. सरकारी विद्यापीठाला ती लागू आहे, खासगी विद्यापीठाला थेट नाही. काही राज्यांचे कायदे कर्मचाऱ्यांना वेगळं संरक्षण देतात. दाद मागायची तर आधी ते तपासा.

‘मी नागरिक नाही’ म्हणून गप्प सोसणं

आपल्याकडे कलम १९ चे हक्क फक्त नागरिकांना आहेत, त्यामुळे हा समज आपसूक येतो. पण १८८६ च्या यिक वो खटल्यात, सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी धोब्यांच्या बाजूने निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की चौदाव्या दुरुस्तीचं, म्हणजे कायद्यापुढे समान वागणुकीचं आणि रीतसर प्रक्रियेचं, संरक्षण केवळ नागरिकांपुरतं नाही. याला मर्यादाही आहे. देशात राहू द्यायचं की नाही, या बाबतीत सरकारचे अधिकार फार व्यापक आहेत. १९५२ मध्ये कम्युनिस्ट पक्षाच्या जुन्या सदस्यत्वावरून कायम रहिवाशांना हद्दपार करणं न्यायालयाने ग्राह्य धरलं. तुरुंगाची भीती नसली तरी व्हिसाचा प्रश्न स्वतंत्र असतो.

पोलिसांना सगळं समजावून सांगणं

सर्वांत महागात पडणारी चूक ही. भारतात पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही; जुन्या पुरावा कायद्याच्या कलम २५ चा हा नियम नव्या साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. अमेरिकेत तसं नाही. तिथे पोलिसांशी स्वेच्छेने बोललेलं सरळ न्यायालयात येतं.

चौकशीआधी गप्प राहण्याचा आणि वकिलाचा हक्क वाचून दाखवायला लावणारा १९६६ चा मिरांडा निकाल सर्वांना सिनेमांतून माहीत असतो, पण अर्धाच. हक्क वाचून दाखवले नाहीत म्हणून अटक रद्द होत नाही. ताब्यात घेऊन चौकशी केली असेल तरच तो नियम लागू होतो, आणि भंग झाल्यास साधारणपणे तो जबाब वगळला जातो, खटला नाही. रस्त्यात थांबवून विचारलेल्या प्रश्नांना दिलेली उत्तरं बहुधा यात बसत नाहीत.

नुसतं गप्प बसणंही पुरत नाही. २०१० च्या थॉम्पकिन्स खटल्यात आरोपी जवळजवळ तीन तास बहुतेक गप्प होता, शेवटी एका प्रश्नाला ‘हो’ म्हणाला, आणि तेवढं त्याच्याविरुद्ध वापरलं गेलं. हक्क वापरतोय हे स्पष्ट बोलावं लागतं: ‘मला बोलायचं नाही. मला वकील हवा आहे.’ ‘वकील घ्यावा का बरं?’ अशी चाचपणी चालत नाही. आधी बरंच बोलून गेला असाल तरी मध्येच थांबता येतं. ताब्यातल्या चौकशीत वकील स्पष्ट मागितला की पोलिसांना प्रश्न थांबवावेच लागतात. गप्प राहणं वेगळं आणि खोटं बोलणं वेगळं. संघराज्याच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या, अधिकाऱ्याला महत्त्वाच्या बाबतीत जाणूनबुजून खोटं सांगणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. काही राज्यांत रास्त संशयावरून थांबवल्यास नाव सांगणंही बंधनकारक आहे.

‘बघू का जरा?’ला ‘हो’ म्हणणं

गाडीची झडती घेऊ का, असं अधिकारी सहज विचारतो. नाही म्हणता येतं हे तुम्हाला सांगण्याचं बंधन त्याच्यावर नाही. १९७३ पासून कायदा असाच आहे. शांतपणे ‘माझी संमती नाही’ म्हणा, पण अडवू नका, हात लावू नका. अटकेनंतर फोन उघडून बघायला वॉरंट लागतं, हे २०१४ च्या रायली निकालात नऊही न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं. विमानतळावर देशात शिरताना मात्र हा नियम सैल होतो. तिथे फोन वॉरंटशिवाय चाळला जाऊ शकतो, आणि व्हिसावर येणाऱ्याने पासवर्ड नाकारला तर प्रवेशही नाकारला जाऊ शकतो.

वकील सरकार देईलच असं धरून चालणं

१९६३ च्या गिडियन निकालाने गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळतो, पण तो फौजदारी खटल्यात. हद्दपारीची सुनावणी दिवाणी स्वरूपाची मानली जाते. तिथे वकील नेमण्याचा हक्क आहे, पण स्वतःच्या खर्चाने. विद्यार्थ्यांनी गावातल्या स्थलांतर वकिलाचा किंवा मोफत कायदेशीर मदत केंद्राचा नंबर कागदावर लिहून पाकिटात ठेवावा, कारण फोन जप्त झाला तर त्यातला नंबर काढता येणार नाही.