गोधडी गॅलरीत लावायची तर

माझी पहिली गोधडी एका गॅलरीत चार खिळ्यांवर टांगली गेली, चित्र टांगतात तशी. आजीच्या दोन इरकली आणि माझ्या कॉलेजच्या ओढण्या, मिळून वजन अडीच किलो. पाचव्या दिवशी वरची कड झोळीसारखी लोंबली आणि इरकलीचा डावा कोपरा टर्रकन फाटला. चूक माझीही होतीच. 'लावून घ्या हं' म्हणून मी बडोद्यात दांडिया बाजारला घरी येऊन भाजी निवडत बसले होते.

तेव्हापासून टांगायची सोय मी घरूनच करून नेते. गोधडीच्या पाठीला, वरच्या कडेशी, नेफा शिवायचा. परकराचा असतो तोच, फक्त रुंद: चार इंच, धुऊन खळ काढलेल्या मांजरपाटाचा. हाताने शिवा, टाका मागच्याच थरात घ्या, पुढे सुई डोकावता कामा नये. नेफा सपाट ताणू नका, थोडा ढिला ठेवा. नाहीतर आत पट्टी घातली की पुढून कड वळकटीसारखी फुगते. दोन्ही टोकांना तो गोधडीपेक्षा इंचभर आत संपवा, म्हणजे पट्टीची भोकं आणि खिळे गोधडीमागे लपतात. पट्टी अ‍ॅल्युमिनियमची, चपटी, कडा कानशीने घासलेल्या. कच्चं लाकूड नको, त्यातलं आम्ल कापडात उतरून पिवळे डाग पडतात.

नेताना घडी घालू नका, घडीवरच धागा आधी तुटतो. जाड पुठ्ठ्याच्या नळीला धुतलेलं मलमल गुंडाळा आणि गोधडी त्यावर, नक्षी बाहेर ठेवून, गुंडाळा. पावसाळ्यात प्लास्टिकमध्ये बांधून ठेवलीत तर बुरशी ठरलेली.

आता गॅलरी. अर्ज करण्याआधी तिथे दोन-तीनदा नुसतं बघायला जा, भिंत बघा, दिवे बघा. कापडावर 50 लक्सपेक्षा जास्त उजेड नको, असा संग्रहालयांचा दंडक आहे. मोबाइलच्या अ‍ॅपवर अंदाज येतो. हळदीने रंगवलेला तुकडा असेल तर जास्तच जपा, तो रंग सगळ्यात आधी उडतो. 'हे तर शिवणकाम' असं कोणी नाक मुरडलं तर बिचकू नका. आपल्या बडोद्यात 1950 पासून फाइन आर्ट्सचं कॉलेज आहे, आणि दोरीला गाठी मारून माणसापेक्षा उंच शिल्पं उभी करणाऱ्या मृणालिनी मुखर्जी इथेच, के. जी. सुब्रमण्यन यांच्या हाताखाली शिकल्या.

तारखा मागताना नवरात्र टाळा, तेव्हा अख्खं गाव गरब्यात असतं. उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीला, सगळे गच्चीवर पतंग उडवत. डिसेंबर उत्तम.

पैशांचं बोलायला आपण लाजतो आणि तिथेच फसतो. गॅलरीचा वाटा किती, वस्तू खराब झाली तर भरपाई कोण देणार, न विकलेली परत आणायचा टेम्पो कोणाचा, हे तीन प्रश्न कागदावर, सहीसकट. सोबत प्रत्येक गोधडीचं माप, किंमत आणि पुढूनमागून फोटो. किंमत ठरवायला मी वही ठेवते: बसले की वेळ लिहायची, उठले की लिहायची. शेवटची गोधडी 210 तासांची निघाली. नवरा म्हणाला, एवढ्यात मी दोनदा निवृत्त झालो असतो.

'हात लावू नये' ही पाटी कापडापुढे चालत नाही. लोक लावतातच, आणि लावावासा वाटतो हे चांगलंच. म्हणून वीतभर नमुना, तेच कापड, तोच धावदोरा, दोरीने बाजूला लटकवा आणि खाली लिहा: याला लावा. मागच्या वेळी एका काकींनी तो चोळून पाहिला, उलटा केला, टाके मोजले आणि विचारलं, "बेन, आ धोवाय?" मी म्हटलं, धोवाय, हा नमुना दर प्रदर्शनानंतर काळाकुट्ट होतो आणि मी साबणात बुडवून दोरीवर टाकते. मोठी किती धुतली, हे त्यांनी विचारलं नाही. मीही बोलले नाही.