प्लस किती लागलं ते सोडा, 900 मिलिव्होल्टला किती मिळतं ते बघा

"त्याचं ग्राफिक्स कार्ड प्लस दोनशेला चालतं, माझं प्लस एकशेवीसलाच कोसळतं. माझी चिप टाकाऊ आहे का?" हे मला सारखं ऐकावं लागतं. पण हे दोन आकडे एकमेकांशी ताडताच येत नाहीत. 'प्लस' म्हणजे चिपच्या क्लॉकमध्ये, म्हणजे वेगात, वरून चढवलेले मेगाहर्ट्झ (ओव्हरक्लॉक). तो मोजला जातो त्या त्या कार्डाच्या स्वतःच्या व्होल्टेज-क्लॉक वक्रावरून, म्हणजे कोणत्या व्होल्टेजला किती क्लॉक हे दाखवणाऱ्या आलेखावरून. कंपनीने आधीच क्लॉक चढवून दिलेलं असेल, तर पुढे चढवायला जागा कमीच उरणार.

एकाच वेफरमधून (सिलिकॉनच्या चकतीतून) कापलेल्या चिपही सारख्या निघत नाहीत. तोच क्लॉक गाठायला एकीला कमी व्होल्टेज पुरतं, दुसरीला जास्त लागतं. उत्पादकांना हे पक्कं ठाऊक असतं. 2018 च्या आरटीएक्स 2080 टीआय कार्डात चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने टीयू102-300ए आणि टीयू102-300 असे दोन प्रकार ठेवले होते, आणि 'ए' नसलेल्या चिपवर कार्ड कंपन्यांना फॅक्टरी ओव्हरक्लॉकची परवानगी नव्हती.

आपली चिप जोखायची तर व्होल्टेज बांधून टाका. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर आफ्टरबर्नर (कार्डाचा क्लॉक आणि व्होल्टेज बदलायचं सॉफ्टवेअर) उघडा आणि कंट्रोल-एफ दाबून वक्र समोर आणा. 900 मिलिव्होल्टचा बिंदू निवडा, एल दाबून तो लॉक करा आणि अप्लाय करा. मग तोच बिंदू 15-15 मेगाहर्ट्झने वर न्या. प्रत्येक पायरीला एखादा जड गेम निदान वीस मिनिटं चालू द्या. मी रे ट्रेसिंगचा (प्रकाशाचे किरण मोजून चित्र काढणारा) गेम लावतो, कारण बेंचमार्कमध्ये (वेग मोजायच्या चाचणीत) शहाणी वागणारी चिप तिथे लवकर उघडी पडते. ड्रायव्हर कोसळला की दोन पायऱ्या खाली या. जो क्लॉक हाती लागेल ती तुमच्या चिपची खरी ओळख. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या कार्डाशी तुलना करायची तर हाच आकडा धरा, तोही साधारण त्याच तापमानाला. चिप तापली की तिला तोच क्लॉक पेलायला जड जातो, त्यामुळे थंड खोलीतले आकडे मी फारसे मनावर घेत नाही.

चिप चांगली निघाली तर तिला वरच्या टोकाला ताणण्याचा मोह होतो. माझा सल्ला उलटा आहे. वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे शेवटच्या थोड्या मेगाहर्ट्झसाठी वॅट भरमसाट जातात आणि कार्ड पॉवर लिमिटला, म्हणजे विजेच्या ठरवून दिलेल्या मर्यादेला, जाऊन आदळतं. चांगल्या चिपचा खरा फायदा कमी व्होल्टेजवर तोच वेग मिळण्यात आहे. पंखेही शांत राहतात. चिप साधारण असेल तर 925 किंवा 950 मिलिव्होल्टला बसवा आणि गेम खेळायला लागा.

मेमरीच्या चिप वेगळ्या, त्यांचं नशीबही वेगळं. तिथे कोसळण्याची वाट बघू नका. जीडीडीआर6एक्स (काही कार्डांवरच्या मेमरीचा प्रकार) चुका पकडून डेटा पुन्हा पाठवते, म्हणून क्लॉक चढत राहतो आणि फ्रेम मात्र घटतात. दर वाढीनंतर एकच दृश्य चालवून फ्रेम मोजा आणि घट दिसली की मागच्या आकड्यावर या.