ढिल्या कपाला पंच मारू नका: जुन्या ट्रॅक्टरच्या पुढच्या हबातल्या नेहमीच्या चुका

पुढचं चाक डगडगायला लागलं की गावात एकच निदान होतं, ‘बेरिंग गेलं.’ मग तालुक्याहून बेरिंग येतं, तासाभरात बसतं आणि महिनाभरात चाक पुन्हा डगडगतं. मग आणखी महाग बेरिंग येतं. आमच्या शेडमध्ये चौथं बेरिंग घालून आलेले ट्रॅक्टर मी पाहिले आहेत, आणि प्रत्येक वेळी झिजलेला असायचा तो हब, म्हणजे चाकाचा मधला ओतीव भाग, ज्याच्या पोटात बेरिंग बसतं.

आमच्या घरी वडिलांच्या काळापासून बी-२७५ आहे. हे मॉडेल इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९५८ साली इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डला बनवायला घेतलं आणि १९६५ पासून ते मुंबईत तयार व्हायला लागलं. म्हणजे आज एखाद्याच्या दारात उभ्या असलेल्या ट्रॅक्टरचा हब पन्नास वर्षांपेक्षा जुना असू शकतो. बेरिंग केव्हाही नवं आणता येतं. हबाचं ओतीव बीड एकदा ठोकलं, खरवडलं की परत येत नाही. म्हणून हे लिहितोय.

आधी ढील कुठे आहे ते शोधा

एक्सलखाली जॅक लावा, चाक उचला, वरून आणि खालून धरून हलवा. चाक हललं म्हणून लगेच हबाची टोपी काढू नका. दुसऱ्या माणसाला चाक हलवायला सांगा आणि हबाची मागची कड व स्टब एक्सल (हब ज्याच्यावर फिरतो तो आखूड दांडा) जिथे भेटतात तिथे आपलं बोट ठेवा. हब आणि स्टब यांच्यात हालचाल लागली तर दोष हबात किंवा बेरिंगात आहे. स्टब हबाबरोबरच हलत असेल तर किंगपिनचा, म्हणजे स्टब ज्या उभ्या पिनवर वळतो तिचा, बुश गेलाय, आणि हबात कितीही पैसे घातले तरी चाक डगडगणारच. चाक डावी-उजवीकडून धरल्यावरच जास्त हलत असेल तर चाकं वळवणाऱ्या टायरॉडचे बॉल जॉइंट बघा. दोन मिनिटांचं काम आहे, पण दहातले आठ जण ते करत नाहीत.

जॅक मऊ मातीवर लावायचा नाही, खाली फळी हवी. मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड हवेत. पुढचा एक्सल मधल्या पिनवर झुलतो, म्हणून एक्सल आणि बॉडी यांच्यामध्ये लाकडी पाचर मारल्याशिवाय चाक उतरवू नका.

पंचाचे ठिपके

आता माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याची चूक. हबातला कप, म्हणजे बेरिंगची बाहेरची रेस, ढिला झाला की मिस्तरी सेंटर पंच उचलतो, हबाच्या आतल्या भिंतीला गोल ठिपके मारतो आणि कप ठोकून बसवतो. त्या दिवशी कप अगदी घट्ट बसतो, गिऱ्हाईक खूश होतं.

दहाबारा वर्षांपूर्वी ऐन ऊसतोडीत आमच्या भावकीतल्या अण्णांचा बी-२७५ असाच दुरुस्त झाला होता. डाव्या हबातला आतला कप बोटाने फिरत होता. मी लेथवर नेऊया म्हणालो, त्यांना दोन दिवस थांबायचं नव्हतं.

“बघ, संध्याकाळच्या आत काम झालं,” अण्णा दुसऱ्या दिवशी म्हणाले. “तू उगाच लेथचं घेऊन बसला होतास.”

“अण्णा, खेप टाकून आलात की हबाला तेवढा हात लावून बघत जा,” एवढंच मी म्हणालो.

तीन आठवड्यांनी रात्री फोन आला. कारखान्याच्या रस्त्यावर भरल्या ट्रॉलीसकट ट्रॅक्टर उभा, डाव्या हबातून धूर. मी जाऊन टोपी काढली. ग्रीस काजळासारखं काळं झालं होतं. चिमटीत धरून चोळलं तर बोटांना बारीक रेतीसारखं खरखरलं. ते हबाचंच बीड होतं, पीठ होऊन ग्रीसमध्ये मिसळलेलं. सकाळी हब उतरवला तेव्हा कप तिरपा झालेला दिसला. रोलर निळे पडले होते आणि कोन, म्हणजे बेरिंगची आतली रेस, स्टबला असा चिकटला होता की कापूनच काढावा लागला. पंचाचे ठिपके सगळे चपटे होऊन आरशासारखे चकाकत होते. दोन्ही बेरिंगं, स्टब एक्सल आणि वर लेथचं काम, असं सगळंच करावं लागलं, आणि तोडलेला ऊस तीन दिवस फडात वाळत पडला.

असं का होतं ते समजून घ्या. पंच मारला की खड्ड्याच्या भोवती बारीक कड वर येते. कप त्या कडांच्या टोकांवर उभा राहतो, बाकी सगळीकडे पोकळी. भार आला की टोकं दबतात. पुढच्या चाकात हब फिरतो आणि त्याच्याबरोबर कपही फिरतो, पण भार कायम खालच्या बाजूनेच येतो. त्यामुळे प्रत्येक फेरीत कपाची प्रत्येक जागा दाबाखालून जाते. कप केसभर जरी सैल असला तरी तो हबात सरकत राहतो आणि बीड दळतो. म्हणून कप हबात घट्टच पाहिजे. कोन मात्र स्टबवर हाताने सरकला पाहिजे, नाहीतर नटाने बेरिंग लावताच येणार नाही. लोक नेमकं उलटं करतात: कोन ठोकून घट्ट करतात आणि कप पंचावर सोडतात.

कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा, दाढीचं ब्लेड, कपाला वेल्डिंगचे टाके, ही सगळी त्याच घरातली भावंडं. वेल्डिंग तर सगळ्यात वाईट. बीड त्या जागी कडक होऊन तडकतं आणि नंतर लेथवर नेलं तर टूल तिथेच तुटतं.

खरा इलाज एकच आहे: हब बोअर करून, म्हणजे आतून कातून, स्टीलची स्लीव्ह, म्हणजे कडं, घालणे. स्लीव्हची भिंत ३ मिमीपेक्षा पातळ मी करू देत नाही. स्लीव्ह हबाच्या भोकापेक्षा सुमारे ०.०५ मिमी मोठी ठेवायची आणि हब गरम करून बसवायची. हबावर पाण्याचा थेंब टाकल्यावर चर्रर्र करून उडाला की हब पुरेसा तापला. कपाचं शेवटचं माप स्लीव्ह बसल्यानंतरच काढायचं, कारण दाबली गेल्यावर ती आतून आवळते. घाईत टर्नर आधीच माप काढून ठेवतो, मग कप जात नाही, मग तो पॉलिश पेपरने घासतो आणि कपाचं घर, म्हणजे कप बसायची जागा, वाकडं होतं. कप टेकायला आतली पायरी शाबूत राहिली पाहिजे, हेही टर्नरला आधीच सांगा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे आतला आणि बाहेरचा कप एकाच मध्यरेषेवर हवेत. हब एका बाजूने बोअर करून मग उलटा पकडला आणि नीट सेंटर केला नाही, तर दोन्ही घरं एकमेकांना वाकडी होतात. शक्य असेल तर दोन्ही घरं एकाच पकडीत काढून घ्या. जमत नसेल तर टर्नरला डायल गेज (केसभर हालचालही सुईने दाखवणारं घड्याळ) लावून आधी चांगल्या घरावर हब सेंटर करायला लावा, आणि सुई किती हलते ते उभं राहून आपल्या डोळ्यांनी बघा. मी स्वतः लेथजवळ उभा असतो. टर्नरला राग आला तरी चालेल.

ढील अगदीच थोडी असेल, म्हणजे कप बोटाने फिरत नाही पण अंगठ्याने दाबला की बसतो एवढीच, तर रिटेनिंग कंपाउंड, म्हणजे बेरिंग चिकटवायचं द्रव, चालतं. दोन्ही पृष्ठभाग ग्रीसचा थेंबही राहणार नाही इतके स्वच्छ पाहिजेत आणि रात्रभर सुकू दिलं पाहिजे. लावलं की तासाभरात ट्रॅक्टर रानात, असं करायचं असेल तर ते लावूच नका.

स्टबचं माप एकाच बाजूने घेणे

स्टब फिरत नाही, त्यामुळे तो खालच्याच बाजूला झिजतो. आडवं माप घेतलं तर तो नवा वाटेल. मायक्रोमीटर उभाही लावा आणि आडवाही, फरक लगेच दिसतो. झीज मोठी असेल तर मी स्टब बदलतो. वेल्ड भरून टर्न केलेले स्टब खांद्याच्या वळणातून तुटलेले बघितल्यापासून त्या जागेजवळ वेल्डिंग करायला मी तयार होत नाही.

नट

किंगपिनची ढील लपवायला स्टबच्या टोकाचा नट करकचून आवळणारे फार आहेत. टेपर रोलर बेरिंग असं आवळलं की तापतं, तापलं की आणखी आवळतं आणि जळतं. माझी सवय अशी: चाक हाताने फिरवत फिरवत नट आवळतो, म्हणजे रोलर आपल्या जागेवर बसतात. चाक जड लागलं की थांबतो आणि मग नट मागे घेतो.

किती मागे घ्यायचा, इथे गणित आहे. आट्यांचा पिच १.५ मिमी धरला आणि नटाला अडवणारी पिन घालायच्या सहा खाचा असल्या तर एक खाच म्हणजे ०.२५ मिमी. मी डायल गेजवर ०.०५ ते ०.१० मिमीची ढील ठेवतो. म्हणजे पूर्ण एक खाच मागे घेणं कधीकधी फार होतं आणि न घेणं कमी. अशा वेळी लोक नट जबरदस्तीने पुढच्या खाचेवर नेतात. मी वॉशर काढतो, काचेवर पॉलिश पेपर ठेवून तो थोडा घासतो आणि पुन्हा लावून बघतो. दोनतीनदा केलं की खाच बरोबर पिनेच्या भोकावर येते. पिन दर वेळी नवी. जुनी सरळ करून घालायची नाही, तिच्या जागी खिळा तर नाहीच नाही.

बाकीच्या थोडक्यात:

नवा कोन जुन्या कपात घालू नका. दोन्ही जोडीने झिजतात, जोडीनेच बदला.

कप बसवताना छिन्नी वापरू नका. जुना कप बाहेरून ग्राइंडरवर थोडा कमी करून ठेवा आणि त्यानेच ठोका. कप तळाला टेकला की ठोक्याचा आवाज बदलतो, बदबद जाऊन टणटण येतो.

धुतलेलं बेरिंग कॉम्प्रेसरच्या हवेने गरगर फिरवू नका.

जुन्या ग्रीसवर दुसऱ्या जातीचं ग्रीस भरू नका, काही जोड्या पातळ होऊन वाहून जातात. आधी डिझेलने सगळं धुवा, कोरडं करा, मग तळहातावर ग्रीस घेऊन रोलरच्या जाळीत दाबून भरा. नुसती टोपी भरून बेरिंगपर्यंत ग्रीस पोचत नाही.

सील काढण्याआधी त्याचं तोंड कुठे आहे याचा फोटो काढा. स्टबवर सीलच्या ओठाने खाच पाडली असेल तर नवं सीलही गळणार. तिथे पातळ स्लीव्ह घाला.

भातशेतीत चिखलणी करणाऱ्यांनी लावणी संपली की हब उघडावाच. ग्रीस दह्यासारखं पांढुरकं दिसलं तर पाणी आत गेलंय. धुताना प्रेशर पंपाचा फवारा सीलवर मारत असाल तर तेही बंद करा.

जोडल्यावर पहिल्या दिवशी दोनतीन किलोमीटर रिकामा ट्रॅक्टर चालवा आणि उतरून दोन्ही हबांवर तळहात ठेवा. दोन्हीकडे सारखंच कोमट लागलं तर ठीक. एकीकडे हात ठेववत नसेल तर त्याच दिवशी टोपी काढा. दहाएक तास काम झालं की चाक पुन्हा उचला आणि मागच्या कडेला बोट ठेवून ढील बघा.