कोड लिहिण्याआधी स्टेट मशीनचा तक्ता कसा मांडावा

ज्या वस्तूचे आयुष्य टप्प्याटप्प्याने पुढे सरकते, उदाहरणार्थ आरक्षण, ऑर्डर, कर्जाचा अर्ज किंवा विम्याचा दावा, तिचा कोड बहुधा एका फ्लॅगने, म्हणजे हो-नाही सांगणाऱ्या खुणेने, सुरू होतो. 'पैसे भरले का' या फ्लॅगच्या मागोमाग 'रद्द झाले का', 'मुदत संपली का' असे फ्लॅग येत राहतात. खरे-खोटे एवढेच सांगणारे पाच फ्लॅग झाले की त्यांच्या ३२ जोडण्या संभवतात. त्यांपैकी अर्थपूर्ण जेमतेम पाच-सहा असतात, बाकीच्यांना कोड मनाई करत नाही. म्हणून फ्लॅग बाजूला ठेवून आधी अवस्थांची यादी करावी आणि वस्तू कोणत्याही क्षणी त्यांपैकी एकाच अवस्थेत असेल, असे ठरवून टाकावे. अशा ठरावीक अवस्था आणि घटना घडल्यावर एकीतून दुसरीत जाण्याचे नियम, यालाच स्टेट मशीन म्हणतात.

नाट्यगृहाच्या ऑनलाइन तिकीटविक्रीचे उदाहरण घेऊ. एका आरक्षणाच्या अवस्था अशा: धरलेले, पैशांच्या प्रतीक्षेत, पक्के, मुदतबाह्य आणि रद्द. घटनाही पाचच: ग्राहकाने पैसे भरायला घेतले, पैसे जमा झाल्याचा निरोप आला, व्यवहार फसल्याचा निरोप आला, मुदत संपली, ग्राहकाने रद्द केले. अवस्थांची नावे बाहेरच्या जगात जे खरे आहे त्यावरून ठेवावीत, पडद्यावरच्या पानांवरून ठेवू नयेत. पडदा दर सहा महिन्यांनी बदलतो.

आता बहुतेक जण वर्तुळे आणि बाण काढू लागतात. आकृती समजावून सांगायला उत्तम, पण ती आपल्याला सुचलेलेच बाण दाखवते. म्हणून आधी तक्ता आखावा: आडव्या ओळींत अवस्था, उभ्या स्तंभांत घटना आणि प्रत्येक चौकटीत पुढची अवस्था व त्या वेळी करायची कृती. आपल्या उदाहरणात २५ चौकटी होतात. सुरळीत प्रवासाचे सात-आठ बाण भरून झाल्यावर उरलेल्या चौकटींपैकी एकही रिकामी सोडायची नाही; 'दुर्लक्ष करावे' किंवा 'हे घडणे अशक्य, घडल्यास नोंद करावी' यांपैकी काहीतरी लिहायचेच.

'मुदतबाह्य' ही ओळ आणि 'पैसे जमा झाल्याचा निरोप' हा स्तंभ जिथे मिळतात ती चौकट पाहा. ग्राहकाने शेवटच्या मिनिटाला पैसे भरले, बँकेकडून निरोप उशिरा आला, तोवर खुर्ची सुटली आणि कदाचित दुसऱ्याला विकलीही गेली. खुर्ची अजून मोकळी असेल तर आरक्षण पक्के करायचे की सरसकट पैसे परत करायचे, हा निर्णय नाट्यगृहाच्या व्यवस्थापनाचा आहे, तो त्यांनाच विचारावा. परताव्याला वेळ लागत असल्याने 'परतावा बाकी' ही सहावी अवस्था आणि 'परतावा झाला' ही सहावी घटनाही इथेच जन्माला येते. 'पक्के' अवस्थेत पैसे जमा झाल्याचा निरोप पुन्हा आला, तर आधी व्यवहार क्रमांक पाहावा. तो तोच असेल तर पेमेंट गेटवेने (ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या सेवेने) निरोप पुन्हा पाठवला आहे. पोच द्यावी, पण दुसरे तिकीट काढू नये. क्रमांक वेगळा असेल तर ग्राहकाने दोनदा पैसे भरले आहेत.

तक्ता पुरा झाल्यावर आकृती काढावी. त्यासाठी प्लँटयूएमएल किंवा मर्मेड यांसारखे मजकुरावरून आकृती काढणारे साधन मला चित्रकलेच्या साधनांपेक्षा बरे वाटते, कारण ती मजकुराची फाइल गिटमध्ये (कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) कोडशेजारी राहते आणि बदल पुनरीक्षणात दिसतो. मर्मेडची आकृती तर गिटहब हे कोड ठेवण्याचे संकेतस्थळ २०२२ पासून थेट दाखवते. 'रद्द' कडे चहूकडून बाण येऊ लागले तर अनेक अवस्थांना एका मोठ्या अवस्थेच्या चौकटीत घालावे आणि तिच्यातून एकच बाण काढावा. अवस्थेच्या पोटात अवस्था ठेवण्याची ही सोय डेव्हिड हारेल यांच्या स्टेटचार्टमधली. त्यावरचा त्यांचा लेख १९८७ साली प्रसिद्ध झाला आणि पुढे यूएमएल या सॉफ्टवेअरच्या आकृत्यांच्या प्रमाण पद्धतीने ती उचलली.

कोडमध्ये अवस्था एनममध्ये (ठरावीक नावांच्या यादीच्या प्रकारात) ठेवाव्यात आणि अवस्था बदलण्याचा अधिकार एकाच फंक्शनला द्यावा. डेटाबेसमध्ये अपडेट करताना व्हेअरमध्ये, म्हणजे कोणती ओळ बदलायची ते सांगणाऱ्या अटीत, आयडीबरोबर जुनी अवस्थाही लिहावी आणि किती ओळी बदलल्या ते तपासावे. शून्य आले तर मधल्या काळात दुसऱ्या कुणीतरी अवस्था बदलली आहे, तेव्हा ताजी अवस्था वाचून पुन्हा तक्त्याकडे जावे. चाचण्या वेगळ्या शोधाव्या लागत नाहीत, कारण प्रत्येक चौकट ही एक चाचणीच असते. दोनच अवस्था असलेल्या गोष्टीसाठी मात्र हा खटाटोप करू नये, तिथे एक फ्लॅग पुरतो.

प्रणाली आधीच चालू असेल, तर डेटाबेसमध्ये अवस्थेचा नवा स्तंभ जोडण्यापूर्वी जुन्या फ्लॅगांवर ग्रुप बाय (सारख्या ओळींचे गट करणारी आज्ञा) लावून कोणती जोडणी किती ओळींत आहे ते मोजावे. 'रद्द' आणि 'पक्के' दोन्ही खरे असलेल्या ओळी निघाल्याच, तर त्यांचे स्थलांतर आपल्या अंदाजाने करू नये. ती यादी हिशेब विभागाकडे द्यावी आणि प्रत्येक ओळीचे उत्तर आल्यावरच जुने फ्लॅग काढून टाकावेत.