पाणलोटाच्या कामात या चुका टाळा

गावाचं पाणलोटाचं, म्हणजे पावसाचं पाणी आणि माती अडवण्याचं, काम ठरलं की पहिला फोन जेसीबीवाल्याला जातो आणि मशीन थेट नाल्यात उतरतं. खोल केलेला नाला लगेच डोळ्यांत भरतो. पण वरचा डोंगर उघडाच असेल, तर माती वाहून येते आणि नाला पुन्हा गाळाने भरतो. एक हेक्टरवर 100 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 लाख लिटर पाणी. ते माथ्यावरच मुरवायचं, मग पायथ्याकडे यायचं.

मला सगळ्यात जास्त छळते ती दुसरी चूक: समतल चर, म्हणजे उताराला आडवा, एकाच पातळीत खणायचा चर, नजरेने मारणं. एका गावात पोरांनी दीडशे मीटरचा चर दोन दिवसांत काढला. आधी लेव्हल घेऊ म्हटलं, तर "सरळच तर दिसतोय की, सर!" जूनच्या पहिल्याच मोठ्या पावसात चरातलं सगळं पाणी एका टोकाला धावलं, भराव फुटला आणि खालच्या शेतातली पेरणी मातीसकट गेली. कमरेइतकी ओघळ पडली. त्या शेतकऱ्यापुढे मला मान वर करता आली नाही. समतल चर सरळ नसतोच. डोंगर वळेल तसा तो वळतो.

तेव्हापासून ए-फ्रेम, म्हणजे पातळी बघायची इंग्रजी A च्या आकाराची लाकडी चौकट, रोज सकाळी तपासल्याशिवाय मी चुन्याची रेघ मारू देत नाही. दोन खुंट्यांवर दोन पाय ठेवायचे, दगड बांधलेली दोरी आडव्या काठीवर जिथे येते तिथे खूण करायची. पायांची अदलाबदल करून दुसरी खूण. दोन्हींच्या बरोबर मध्ये तिसरी. दोरी तिच्यावर आली की दोन्ही पाय एका पातळीत. वारा असेल तर दगड स्थिर होईपर्यंत थांबा. एवढा धीर नसेल तर कुदळ हातात घेऊ नका.

चराची माती खालच्या अंगाला, काठापासून वीतभर सोडून टाका. वरच्या अंगाला टाकलीत तर ती परत चरातच येते. भरावावर पावसाच्या तोंडावर गवताचं बी पेरा.

ओघळीतून चर ओढू नका. तिथे अनघड दगडी बांध घाला, मधला भाग कडांपेक्षा खाली ठेवा, नाहीतर पाणी काठ कापतं.

सांडव्याशिवाय, म्हणजे जादा पाणी बाहेर जायच्या वाटेशिवाय, मातीचा बांध नको म्हणजे नकोच.

आणि पाणी दिसताच बोअर मारण्याची घाई. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाने शेतीसाठी बोअर बंद ठेवले, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवली. असा ठराव विहिरी भरल्यावर होत नाही. पहिला चर आखण्याआधीच्या ग्रामसभेत तो घ्या.