जुन्या लाकडी बासरीची डागडुजी

एकोणिसाव्या शतकातली, छिद्रे उघडझाक करणाऱ्या चाव्या बसवलेली पाश्चात्त्य लाकडी बासरी हाती आली, तरी ती लगेच ओठांना लावू नये. वर्षानुवर्षे सुकलेल्या लाकडात श्वासाची ओल एकदम शिरली की आतला थर फुगतो, बाहेरचा तसाच राहतो आणि धडधाकट नळीलाही चीर जाते. ठाण्यात हा धोका दुहेरी आहे, कारण बाहेर पावसाळी दमट हवा असते आणि घरात एसीची कोरडी. म्हणून बासरी एसी नसलेल्या खोलीत, उन्हापासून दूर, दोन-तीन आठवडे नुसती ठेवावी. पावसाळ्यात बासरीच्या तुकड्यांचे सांधे फुगून अडकले असतील, तर जोर लावून पिळू नयेत. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की ते बहुधा आपसूक सैल होतात.

मग चिरा शोधाव्यात. बासरीच्या डोक्यात, म्हणजे फुंकायचे छिद्र असलेल्या तुकड्यात, पुष्कळदा आतून धातूची नळी असते. लाकूड आकसते, धातू आकसत नाही, आणि तिथेच लाकूड फाटते. चीर नखाला लागत नसेल, तर त्याच जातीच्या लाकडाचा बारीक भुसा तिच्यात दाबून वर पातळ सुपरग्लूचा थेंब सोडावा. आरपार गेलेली चीर मात्र जाणत्या कारागिराकडेच द्यावी, कारण त्यासाठी आतली नळी काढावी लागते. तेल या कामानंतरच लावायचे असते, तेलकट लाकडाला गोंद धरत नाही.

फुंकायच्या छिद्राला काचकागद कधीही लावू नये. माझी एक बासरी दुरुस्तीला दिली असता तिथे त्या छिद्राची कड घासून ‘गुळगुळीत’ केली गेली. बासरी चकचकीत झाली, पण तिचा खालचा सूर परत आला नाही. भिंगातून पाहिल्यास ती कड धारदार दिसते, आणि श्वास तिच्यावरच दुभंगून नाद होतो. तिथली मळी ओलसर कापसाच्या बोळ्यानेच काढावी.

तेलासाठी जांभळी नाक्याच्या बाजारात मिळणारे शुद्ध बदाम तेल पुरते. सुती फडक्यावर थोडेसे घेऊन ते नळीतून फिरवावे आणि रात्रभराने उरलेले पुसून काढावे. चाव्या आधी उतरवाव्यात, नाहीतर त्यांच्या चामड्याच्या गाद्या तेलाने खराब होतात. सांध्यावरचा कुजलेला दोरा काढून मेण लावलेला सुती दोरा गुंडाळावा, सांधा हाताच्या हलक्या जोराने बसेल इतकाच. डोक्यातले बूच छिद्राच्या मध्यापासून साधारण 19 मिलिमीटरवर ठेवून, वरच्या आणि खालच्या सप्तकातला तोच सूर जुळतो का हे ऐकत थोडे मागेपुढे करावे.

पहिला आठवडा रोज दहाच मिनिटे वाजवावे, नंतर हळूहळू वेळ वाढवावा, आणि प्रत्येक वेळी सांधे सोडवून आतली ओल पुसूनच बासरी पेटीत ठेवावी.